अळणी मासा

लग्नाच्या वाढदिवसाला दोघं डोंगरातल्या गावाहून रेथिम्नो शहरात आली होती. तिथल्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर मानूसोस पाच वेळा बसला. "गुडघे गं माझे," म्हणायचा आणि बायकोलाही शेजारी बसवायचा. जन्मभर शेरडांमागे डोंगर चढलेला हा माणूस. दर वेळी कल्लिओपी त्याच्या ओठांचा रंग बघत होती.

दुपारी बंदरावरच्या खानावळीत तो तिथल्या रिवाजाप्रमाणे मासा निवडायला स्वयंपाकघरात गेला, तो बराच वेळ येईचना. आत कोसळला तर नसेल? ती धडधडत्या छातीनं उठली आणि दारातच थबकली.

मानूसोस आचाऱ्याचा हात धरून बोलत होता. "दोन्ही ताटांत मीठ नको, नाहीतर तिला शंका येईल. काल डॉक्टरांचा फोन आला. तिच्या हृदयाचं काही खरं नाही म्हणाले. अजून सांगितलं नाही मी. आजचा दिवस तरी सुखाचा जाऊ दे तिचा."

ती पाय न वाजवता परत येऊन बसली. ताटं आली. पहिला घास घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला.

"चव आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली आणि मीठदाणी त्याच्यापुढे सरकवली. "तू घे रे थोडं. तुला अळणी जात नाही."