सात जणांचा कोट

“सेप, आधी माणसाचं तोंड बघावं, मग कपडे.”

आईला जाऊन वीस वर्षं झाली होती, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन वाकलेल्या सेप टर्नबुलला तिचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या त्यांच्या बटाट्याच्या शेतात जर्मन युद्धकैदी कामाला यायचे. नऊ वर्षांचा सेप कैदी ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पाठीवर लावलेल्या रंगीत गोल ठिगळाकडे डोळे फाडून बघत राही, आणि आई त्याच्या हातात चहाची किटली देत हे सांगे.

“विनी, जरा इकडे ये,” त्याने बायकोला हाक मारली. “मी गाढव आहे.”

“हे सांगायला पिठातल्या हातांनी उठवलंस? ते मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.”

सेपने पस्तीस वर्षं घरोघरी गॅसचे मीटर वाचले होते. जिन्याखालच्या अंधारात आकडा टिपून झाला, की निघताना तो हळूच विचारी, “तुमच्याकडे जर्मन कैद्यांचा एखादा फोटो पडलाय का हो?” लोक हसत, पण खण उघडून बघत. फोटो जमवणाऱ्या इतरांना बिल्ले हवे असत, टोप्या हव्या असत. सेपला माणूस हवा असे. नाव-गाव शोधून तो फोटो घरी पाठवायचा, हा त्याचा छंद. एकेचाळीस जण असे परत गेले होते. उरलेले अल्बममध्ये राहत, आणि रोज सकाळी चहाला तोंड लावण्याआधी एक पान उघडून तो त्यांच्यासाठी प्रार्थना करी. हा नेम त्याने आजारपणातही मोडला नव्हता.

त्याच्या या छंदाचं ऐकून गेल्या वसंतात जर्मनीतून हेडविग नावाच्या सत्तर वर्षांच्या बाईचं पत्र आलं. तिच्या सुनेने इंग्रजीत लिहून दिलेलं. भाऊ कार्स्टन इथल्या छावणीत सत्तेचाळीस साली न्यूमोनियाने गेला. घर बॉम्बने जळालं, त्याचा एकही फोटो उरला नाही. ‘त्याचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, आणि डॉक्टर म्हणतात डोळे जेमतेम हिवाळ्यापर्यंत. खूण एकच. शेवटच्या रजेवर तो घरी आला तेव्हा आईने त्याच्या लष्करी कोटाला, वरून तिसरं, हरणाच्या शिंगाचं बटण लावलं होतं.’

सेपने उलट टपाली लिहिलं होतं, ‘तुमचा भाऊ तुमच्या हाती देईन.’

आणि दोन महिन्यांत एका फोटोत शिंगाचं बटण सापडलंसुद्धा! एका चर्चच्या विक्रीत, जुन्या पोस्टकार्डांच्या पेटीत. सेपने तो फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘भिंतीवर लावलाय, रोज पुढे मेणबत्ती लावते. फार वाळलाय बिचारा. पण एवढं कमी खाऊनही हात वाढलेले दिसतात, बाह्या किती आखूड झाल्यात!’ ते वाचून नवरा-बायको खूप हसले होते.

काल गावातल्या जुन्या फोटोवाल्याच्या मुलीने, मिस रटरने, दुकान रिकामं करताना एक खोका सेपच्या हवाली केला. त्यातले सहा फोटो आता टेबलावर ओळीने मांडले होते.

विनीने हात पुसले, चष्मा लावला. “सहा वेगळी माणसं. मग?”

“बटण बघ.”

विनीने बघितलं. पहिल्याच्या बाह्यांतून बोटांची टोकंच बाहेर होती. दुसऱ्याच्या पोटावर कोट इतका ताणलेला, की श्वास घेतला असता तर बटणं फोटोवाल्याच्या अंगावर उडाली असती. तिसरा, चौथा, पाचवा... सगळ्यांच्या छातीवर तेच शिंगाचं बटण.

“अगं बाई!” विनीला हसू आवरेना. “म्हणजे माणसं बदलत होती आणि कोट तेवढा कायमचा कैदेत होता!”

“हसतेस काय?”

“मग रडू? अरे, कुठल्या मुलाला आईकडे ठिगळाच्या कपड्यात फोटो पाठवावासा वाटेल? बराकीत धड कोट एकच असणार. त्या कार्स्टननेच दिला असेल सगळ्यांना. ‘घाल रे, तूही घाल, तुझ्याही आईला बरं वाटेल.’” बोलता बोलता तिचा आवाज ओला झाला. “चांगलाच होता म्हणायचा पोरगा.”

“आणि मी तिच्या भिंतीवर भलत्याच माणसाला नेऊन बसवला. मेणबत्त्या लागतायत त्याच्यापुढे!”

सहावा फोटो विनीने उजेडात धरला. गोल चेहऱ्याचा तरुण, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. कोट खांद्यावर बेतून शिवल्यासारखा, बाह्या बरोबर मनगटापर्यंत.

“हा बघ तुझा कार्स्टन. पाठवून दे, खाली दोन ओळी लिही.”

सेपने फोटो तिच्या हातातून घेऊन परत ओळीत ठेवला. “कोट बसतो म्हणून हाच कशावरून? एकदा कपड्यांवरून ठरवलं आणि तोंडघशी पडलो. तिनेच ठरवायला हवं. आणि भावाला भिंतीवरून उतरव, असं त्या बाईला पोस्टाने कळवू? माझ्याने नाही होणार.”

“मग काय करणार आहेस?”

“जाणार.”

“तू? बागेतल्या तळ्यात नावेत बसलास तर उलटी झाली होती तुला!”

“हॅम्बुर्गची बोट मोठी असते म्हणे.”

विनीने त्याच्याकडे बघितलं. या आवाजातला सेप तिला माहीत होता. याच आवाजात त्याने तिला मागणी घातली होती. “मोठ्या बोटीत मोठी उलटी होते,” ती म्हणाली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढू लागली.

गुरुवारी सकाळी आठला तो निघाला. विनीने आल्याच्या बिस्किटांचा पुडा बॅगेत सारला. “आणि त्या वाळलेल्याचं काय? तोही कुणाचा तरी असेलच की.”

“ती उतरवून देणार असेल, तर आणीन परत. त्याचंही घर शोधू.”

“आणि नाहीच उतरवला तर?”

“तर राहू दे तिथे. कोट तिच्याच भावाचा आहे.”

सहाही फोटो एका जाड पाकिटात होते. एरवी पाकिटावर तो ठळक अक्षरांत नाव घाली. आज ते कोरं होतं. सेपने ते कोटाच्या आतल्या बाजूला छातीशी सपाट ठेवलं, वरची बटणं लावली, फाटकाची कडी आवाज न करता सरकवली आणि बंदराच्या बससाठी उतार उतरू लागला.