सवतीला चिंच

गॅरेजमधल्या त्या प्रेसला सुप्रभा पहिल्यापासून सवत म्हणत आली होती, आणि कारणही तसंच होतं. रविवारी सकाळी इंग्लंडातल्या त्यांच्या रीडिंग गावातले बाकीचे नवरे गाड्या धुवायचे, गवत कापायचे, निदान बायकोबरोबर सुपरमार्केटात ट्रॉली तरी ढकलायचे. तिचा नवरा, डॉक्टर चंद्रशेखर, आठवडाभर हॉस्पिटलात लोकांना भूल द्यायचा आणि रविवारी उठल्या उठल्या गॅरेजमध्ये जाऊन त्या लोखंडी धुडाचा दांडा ओढत बसायचा.

धूड हिरव्या रंगाचं होतं. रायफल क्लबात उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरता याव्यात म्हणून त्या दाबून मूळ मापाच्या करायच्या, हे त्याचं काम. पुंगळी ठेवायची, दांडा ओढायचा, पुंगळी काढायची, दुसरी ठेवायची. मग साचा बदलायचा आणि पुढच्या कामासाठी त्याच पुंगळ्या पुन्हा पहिल्यापासून. एका ओढीत सगळं उरकणारी नवी यंत्रं निघाली, क्लबातल्या बहुतेकांनी ती घेतली, चंद्रशेखर मात्र बधला नाही. "पेशंटसुद्धा एका वेळी एकच असतो," असं तो म्हणायचा.

प्रेस बदलायची नाही, पण तिचे लाड करायला त्याला मर्यादा नव्हती. पुंगळ्यांच्या बुडातून निघणाऱ्या, ठिणगी पाडणाऱ्या वापरलेल्या टोप्या जमिनीवर सांडायच्या, म्हणून त्यानं खाली नळी लावली आणि ती जॅमच्या बाटलीत सोडली. घरची मॉरिस गाडी भंगारात निघाली तेव्हा तिच्या गियरची काळी मूठ काढून दांड्याला बसवली. त्यांच्या मुलाला, तान्ह्या गंधारला, हॉस्पिटलातून घरी आणताना चंद्रशेखरच्या हातात होती ती हीच मूठ. एका हिवाळ्यात झिजलेल्या सांध्यात नवा बुश बसवून त्यानं आतली खडखड घालवली आणि सुप्रभाला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं.

"ऐक. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच तर!"

थंडीत शाल गुंडाळून, न येणारा आवाज ऐकायला आपल्याला इथं उभं केलंय, हे ती पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत असे.

पण एक आवाज राहिलाच होता. दांडा खाली येताना कुर्र आणि वर जाताना टक्. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून तो यायचा आणि सुप्रभाचे पोहे त्याच्यावर चालायचे. टक् नंतर कुर्र आला नाही की ती भिजवलेले पोहे फोडणीत टाकायची. हात धुऊन चंद्रशेखर टेबलाशी येईपर्यंत वाफ आलेली असायची. तिनं हे त्याला कधी सांगितलं नाही. सवतीचा उपयोग होतो हे कशाला कबूल करायचं?

मग गेल्या वर्षी, दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात, त्याला स्ट्रोक झाला. जीव वाचला, पाय सावरला, उजवा हात मात्र परत आला नाही. बोलता येत होतं, पण बोलावंसं त्याला वाटेना. रायफल दिली, लायसन्स परत केलं, काडतुसांत भरायची उरलेली दारूही क्लबातल्या ॲलनकडे गेली, आणि तो खिडकीशी बसून राहिला. फिजिओथेरपीच्या मुलीनं दिलेला रबरी चेंडू मांडीवर तसाच पडून असायचा. सुप्रभा अजूनही रविवारी पोहे करायची. कधी करायचे हेच तिला समजेनासं झालं होतं आणि ते नेहमी गार व्हायचे.

एप्रिलमध्ये केंब्रिजहून गंधारचा फोन आला. "आई, गॅरेजमधला तो मशीन बाबा आता यूज करणार नाहीत ना? ऑनलाइन ॲड टाकू का? बघून त्यांना वाईट वाटत असेल."

सुप्रभानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं बाहेरच्या रस्त्यावरून नजरही न काढता म्हटलं, "विकून टाका."

तिला अक्षरशः धस्स झालं. इतकी वर्षं ज्या वस्तूच्या नावानं खडे फोडले, ती आता जाणार होती, आणि त्या दोन शब्दांत नवराही निघून चालल्यासारखा वाटला. पण माणूस आजारी, मुलगा शहाणा. विरोध कुठल्या तोंडानं करायचा? स्विंडन गावचं कुणी गिऱ्हाईक शनिवारी येऊन घेऊन जाणार असं ठरलं.

गुरुवारी ती पदर खोचून गॅरेजमध्ये शिरली. घरातून वस्तू जाणार ती मळकट जाता कामा नये, मग ती सवत का असेना. आधी गरम पाण्यात सोडा घालून वर्षानुवर्षांचं ग्रीस काढलं. तरी आतल्या जाड दांड्याला झळाळी येईना, तेव्हा ऑक्सफर्ड रोडवरच्या दुकानातली चिंच भिजवून कोळ केला आणि देवाची समई घासावी तशी सगळी प्रेस चोळचोळ चोळली. पाणी ओतलं, टॉवेल टाकला. वस्तू अशी लखलखली की चंद्रशेखरला बोलावून दाखवावी असं तिला क्षणभर वाटलं. मग कशासाठी चाललंय हे आठवलं आणि ती दिवा घालवून आत आली.

शुक्रवारी सकाळी टॉवेल उचलला तर खाली रंग नसलेलं सगळं लालभडक गंजलेलं. दांडा ओढून पाहिला, हलेना. दोन्ही हातांनी लटकली, तरी हलेना. हातांनीच गंज पुसायला गेली, तो बोटं, तळवे, मनगटं माखली. मग तिथंच उलट्या बादलीवर बसून ती रडली. विकली गेली असती तर गेली असती. पण त्याची इतक्या वर्षांची वस्तू आपल्या हातून मरावी, हे तिला सोसवेना.

डोळे पुसत ती बैठकीच्या खोलीत आली. चंद्रशेखरनं तिच्या हातांकडे पाहिलं आणि काठी न घेता ताडकन उठला.

"कुठं लागलं? दाखव. वर धर हात, वर!"

"लागलं नाही हो. गंज आहे. तुमची प्रेस... मी घासली."

त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरून नाकाशी नेलं. हुंगलं.

"चिंच?"

तिनं मान हलवली.

"बिडाच्या तव्याला लावतेस का कधी चिंच?"

"नाही. पण हे बीड आहे हे मला काय ठाऊक? तुम्ही हिरवा रंग देऊन ठेवलाय."

"बीड आहे ते!" तो ओरडला. "आणि आतला दांडा पोलादाचा! सोड्यानं ग्रीस काढून वर आंबट... सुप्रभा, अगं, कुणी सांगितलं होतं तुला?"

पाच महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता. सुप्रभा शिव्या खात उभी राहिली आणि तिला आतून इतकं बरं वाटलं की चेहरा पडलेला ठेवणं जड गेलं.

तो भिंत धरत धरत गॅरेजमध्ये गेला. बादलीवर बसला. आणि मग दिवसभर त्यानं तिला राबवलं. वरच्या फळीवरचं तेल आण, हे नव्हे, ते. सांध्यात सोड. थांब, मुरू दे. बारीक तारेचा लोकरीसारखा गोळा आहे, तो घे, हळू चोळ, तू काय कढई घासतेस का? दुपारी जेवणही तिथंच झालं. कधीतरी दांडा केसभर सरकला, मग बोटभर, आणि चार वाजायच्या सुमाराला कुर्र करून खाली आला.

सुप्रभा टाळी वाजवणार होती, पण तो प्रेसच्या उजव्या बाजूला पाहत होता. दांडा उजवीकडे होता. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता.

"डावीकडे लागतो तो," तो शेवटी म्हणाला. "खीळ काढून फिरवता येतो. बनवणाऱ्यानं सोय ठेवलीय. मला कधी गरजच पडली नाही."

"पाना कुठला लागेल?" सुप्रभानं विचारलं.

उंच बाकावर उभं राहून काम करणं आता त्याला झेपणार नव्हतं. तेव्हा तिनं आपलं शिवणाचं जाड टेबल ओढत आणलं आणि त्याला भोकं पाडायला ड्रिल हातात घेतलं. त्यानं खुणा करून दिल्या. पहिलं भोक तिरकं गेलं. तो काही बोलला नाही, म्हणजे बोलायचं होतं, पण गिळलं. जॅमची बाटली तिच्या जागी गेली, मॉरिसची मूठ डाव्या बाजूला आली. मग ॲलननं आजारापूर्वी दाबून द्यायला आणून ठेवलेल्या रिकाम्या पुंगळ्यांचा डबा तिनं शेजारी ठेवला, आणि दोघंही गिऱ्हाइकाबद्दल एक अक्षर बोलली नाहीत.

शनिवारी अकराला बेल वाजली. सुप्रभा पोळपाटावर पीठ तसंच टाकून दाराकडे निघाली. वाटेत ती सारखी स्वतःला बजावत होती की शब्द दिलाय, मोडता येणार नाही. पण चंद्रशेखर तिच्याआधी पोचला होता. दारात लाल गालांचा एक भला तरुण उभा होता.

"आय ॲम सो सॉरी," चंद्रशेखर सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाला. "तुम्ही इतक्या लांबून आलात. पण माझ्या बायकोनं ती प्रेस बिघडवली. पार बिघडवली. विकण्यासारखी राहिली नाही."

तरुणानं त्याच्या खांद्यावरून उघड्या गॅरेजकडे पाहिलं. शिवणाच्या टेबलावर प्रेस तेल पिऊन चकाकत होती. मग त्यानं सुप्रभाकडे पाहिलं.

बेचाळीस वर्षांच्या संसारात सुप्रभानं न केलेली चूक कधी अंगावर घेतली नव्हती आणि केलेलीही सहजी घेतली नव्हती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"येस," ती म्हणाली. "टोटली रुइन्ड. माय फॉल्ट."

तरुण हसला, चहालाही थांबला नाही. दार लागल्यावर चंद्रशेखर बायकोकडे न बघता गॅरेजमध्ये गेला.

सुप्रभानं कणीक झाकून ठेवली आणि पोहे भिजवले. वार शनिवार होता, पण तिला चालणार होतं. भिंतीपलीकडून कुर्र आला. मग काहीच नाही. पुंगळी हातातून निसटून घरंगळल्याचा आवाज, एक अस्सल पुणेरी शिवी, आणि बऱ्याच वेळानं टक्. ती फोडणीची कढई गॅसवर ठेवायला गेली, तेवढ्यात पुन्हा कुर्र सुरू झाला.

तिनं गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून वाट बघत बसली.