जोडीनं मोजलेला मोर

आमच्या नातवाचं, शहजादचं, लग्न झालं ते २०२४ साल. त्याच वर्षी नात इन्शा नाशिकला राहून कॉम्प्युटरचा क्लास करू लागली. शेवटच्या कामाला सरांनी सांगितलं, प्रोग्राम लिहून स्वतःचं एक चित्र काढा आणि सगळ्यांसमोर दाखवा. इन्शानं दादाचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, मोर निवडला.

हा मोर माझे मालक, सलाउद्दीन, येवल्यात पैठणीच्या पदरावर विणत. त्याच्या नक्षीचा कागद कधीच नव्हता. साड्या विकल्या गेल्या, मोजमाप राहिलं त्यांच्या डोक्यात. नजर अधू झाली म्हणून माग सहा वर्षं बंद. ते गेले की मोरही जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ते खाटेवर पडून एकेका ओळीचे धागे सांगत आणि मी वहीत आकडे लिहीत असे. पन्नाशी उलटल्यावर लिहायला शिकले मी. हात हळू चालतो.

"लवकर लिही, मी मरायच्या आत," ते म्हणत.

सतरा दिवस लागले. शेवटची पानं इन्शाला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोनवर पाठवली. तिला नीट बघायलाही वेळ मिळाला नाही.

आम्ही दोघं एसटीनं नाशिकला गेलो. क्लास पंचवटीत, तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक जिन्याला ते टेकले. इन्शानं बटण दाबलं आणि भिंतीवर मोर उमटला. उंच, काठीसारखा. मुलं हसली.

भिंतीवर मोठा होता म्हणून मालकांनाही दिसला.

"हा कोणाचा उपाशी मोर?"

"दादा, तुम्ही सांगितलेलेच आकडे आहेत," इन्शा रडवेली झाली.

"खुर्शीदा, मी नऊ म्हटलं की तू नऊच लिहिलेस?"

"मग काय लिहू?"

"अगं, नऊ जोड्या! आपल्या घरात धागा एकटा कोण मोजतं?"

मी जन्मभर धागा गुंडाळून कांड्या भरल्या, मागावर कधी बसले नाही. मला काय माहीत?

इन्शानं आडवे आकडे दुप्पट केले. प्रोग्रामची एकच ओळ बदलली. मोर अंगानं भरला. टाळ्या पडल्या.

"आजोबा, मागावर किती दिवस लागायचे?" सरांनी विचारलं.

"बारा."

मग ते भिंतीकडे वळले. "चला, सुटलो," म्हणाले. "आता हा डोक्यात सांभाळायला नको."

इन्शा पास झाली. सलाउद्दीन ६ फेब्रुवारी २०२५ला, गुरुवारी दुपारी वारले.