बाहेरची कडी

तिसरी उमेदवार आत आली आणि ताईंच्या हातातलं पेन थांबलं. अर्जावर सासरचं आडनाव होतं, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ही तर इथलीच जुनी नर्स.

मूकबधिर मुलींचं हे वसतिगृह आणि त्यामागची संस्था ताईंनीच उभी केलेली. आता गुडघे साथ देईनात, म्हणून प्रमुखपदासाठी मुलाखती चालल्या होत्या. शेजारी संस्थेचे नवे वकील आणि ताईंचा धाकटा भाऊ. वसतिगृहाचा सगळा कारभार त्याच्याच हाती.

वकिलांनी सरळ विचारलं, "इथली नोकरी का सोडलीत?"

"सोडली नाही, काढलं मला. मुलींच्या खोल्यांना रात्री बाहेरून कडी लावतात, अशी लेखी तक्रार केली होती. आठ दिवसांत पत्र मिळालं. सही ताईंची."

"कशाला जुनी मढी उकरता?" भाऊ हसला. "त्या कड्या केव्हाच काढल्या."

"आज मी लवकर आले. स्वयंपाकीणबाईंनी मुलींना भेटायला वर नेलं. दोन खोल्यांना अजून आहेत."

वकिलांनी चष्मा पुसायला घेतला. भाऊ चटकन उठला. "ताई, तू बस. मी बघून येतो."

"तू इथेच थांब," ताई म्हणाल्या.

कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांना थांबत त्या वर गेल्या; मागोमाग वकील आणि नर्स. कडी होती. नुकतंच तेल दिलेली. ताई रिकाम्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, लावा बाहेरून."

खिडकीला गज होते. आत आग लागली तर मुलगी हाक तरी कशी मारणार? ताईंनी दार वाजवलं. वकिलांनी उघडलं तेव्हा ताईंच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"ते पत्र मी वाचलंसुद्धा नव्हतं," ताई नर्सला म्हणाल्या. "भावानं पुढे केलं, मी सही ठोकली."

"मला तेव्हाच वाटलं होतं," नर्स म्हणाली. "पण सही तुमचीच होती."

ताईंनी मान खाली घातली.

खाली येऊन त्यांनी भावासमोर हात पुढे केला. "चाव्या दे."

"पोरी पळून जाऊ नयेत म्हणून केलं मी. आईला काय सांगशील?"

"डोळ्यांनी पाहिलं ते."

चाव्या टेबलावर आदळून तो निघून गेला.

बाहेर चौथा उमेदवार ताटकळला होता. त्याचीही मुलाखत रीतसर झाली. पद नर्सला मिळालं. भावानं मात्र त्यानंतर बहिणीच्या घराची पायरी चढली नाही.