सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं फोल्डर

आपल्या बायकोचा, अंबिकाचा, आवाज कायमचा गेला, हे आत्मारामांना तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी कळलं. मंडळी जेवून गेल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले. तो घरात चालूच असायचा, पण तिची गाणी ऐकायचा वर्षभर त्यांचा धीर झाला नव्हता. 'धवले' नावाचं फोल्डर उघडलं, तर आत हिंदी सिनेमे होते.

भाईंदर पश्चिमेच्या त्या सोसायटीत केबलवाल्याने दोनेक वर्षांपूर्वी इंटरनेट दिलं होतं. एकाच जाळ्यावर असल्यामुळे बिल्डिंगमधले कॉम्प्युटर एकमेकांना दिसत. प्रत्येकाने एक फोल्डर सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. त्यातलं बघायची, घ्यायची आणि पुसायचीही मुभा सगळ्यांना होती. ज्याला नवा पिच्चर मिळेल त्याने जागा दिसेल तिथे टाकायचा. जागा नसेल तर जुनं काहीतरी उडवायचं. विचारायची पद्धत नव्हती.

अंबिकाने त्यात घोडबंदरच्या म्हाताऱ्या बायकांचे धवले ठेवले होते. धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी. सुट्टीच्या दिवशी ती बसने जायची, त्यांच्या ओटीवर बसून रेकॉर्ड करायची. मध्येच आजी अडखळल्या की अंबिका हळूच म्हणायची, "घ्या पाणी, सावकाश." तेवढाच तिचा आवाज आत्मारामांकडे उरला होता. "कुणालाही ऐकू दे," असं म्हणून तिने फोल्डर उघडं ठेवलं होतं.

आत्माराम वरच्या मजल्यावर भूपेशकडे गेले. कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे त्यालाच विचारत.

"भूपेश, आमच्या फोल्डरमधली गाणी कुठे गेली रे?"

"ती? मी उडवली काका, दिवाळीत. पिच्चरला जागाच नव्हती. फोल्डर ओपन होतं ना." तो हसला. "आणि गाणी कसली, म्हाताऱ्या रडतायत असं वाटत होतं. रिसायकल बिनमध्ये बघा."

"बघितलं. नाहीत."

भूपेशचं हसू ओसरलं. "हां, नेटवर्कवरून पुसलं की तिकडे जात नाही. त्यावर पिच्चर टाकलेत, म्हणजे आता परत मिळणं कठीण. तुमच्याकडे कॉपी असेल ना?"

आत्मारामांनी नकारार्थी मान हलवली.

भूपेशची आई, पुष्पलताबाई, आतून ऐकत होत्या. त्या घोडबंदरच्या.

"भाऊजी, त्यात दुर्गामावशी होती काय?"

"होत्या. जास्त त्यांचीच होती."

पुष्पलताबाई खाली बसल्या. "मावशी आता न्हाय. माझ्या लग्नात तिनंच धवले गायले." मग त्या मुलाकडे वळल्या. "ती रडत नव्हती रे. धवला तसाच गातात."

"आई, पण फोल्डर उघडं होतं."

"जिन्यात सगळ्यांच्या चपला उघड्याच हाय. तुला जागा पायजे म्हणून त्या खाडीत टाकशील काय?"

"विचारायला पाहिजे होतं," भूपेश म्हणाला.

"मग का न्हाय इचारलंस? एक जिना उतरायचा होता. वायरीतून हात घातला म्हणून घर तुझं होतं काय?"

भूपेशने चपला घातल्या. तो घरोघरी गेला आणि धवल्यांची कॉपी कुणी घेतली होती का, असं विचारत राहिला. तेच तेच सिनेमे घरोघर होते. धवले एकाही घरात नव्हते!

दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रत्येकाच्या फोल्डरवरची पुसायची मुभा काढायला सुरुवात केली. "तू काय सेक्रेटरी झालास काय?" असं लोक म्हणाले. तेव्हा त्याने आपण काय केलं ते न लपवता सांगितलं. मग कुणी वाद घातला नाही.

शेजारी दार उघडं ठेवतो तो आपल्यावरच्या विश्वासाने. आत जायची मुभा म्हणजे त्याचं सामान फेकायची मुभा नव्हे. आणि कुणी चांगली गोष्ट सगळ्यांसाठी मांडून ठेवली असेल, तर ती वेळेवर आपल्याही घरी जपून ठेवावी. बिल्डिंगमधल्या एकाने जरी तसं केलं असतं, तरी ती गाणी राहिली असती.

भूपेश आता आई आणि आत्मारामांना घेऊन घोडबंदरला जातो, मिळेल ते रेकॉर्ड करतो. अंबिकाचा आवाज असलेली एकही फाइल सापडलेली नाही. हळदीचा धवला पुष्पलताबाईंना सुरुवातीपुरताच येतो. तो पुरा गाणारं गावात अजून कुणी मिळालेलं नाही.