पालीचा साक्षीदार

डॅरेनला मारलं तेव्हापासून पालीच्या कोळीवाड्यात प्रत्येक माणूस वकील झाला होता.

डॅरेन तिवरांत बांधकामाचं डेब्रिज टाकणाऱ्या डंपरांचे फोटो काढायचा. एका पहाटे धक्क्याखाली त्याचं डोकं फोडलं. पोलिसांनी बुडाला असं लिहिलं. त्याची बायको ॲलिसन कोर्टात गेली, तेव्हा विशेष तपास पथक आलं आणि विशेष वकील नेमला गेला. मग डंपरांचा मालक जितेश हायकोर्टात गेला. पथकाची नेमणूकच बेकायदा आहे, असं त्याचं म्हणणं. निकाल गुरुवारी होता. विशेष वकिलाने कोर्टात एवढंच सांगितलं होतं, की डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार पालीचा आहे, नाव आत्ता सांगणार नाही.

"नेमणूक टिकत न्हाय," चहाच्या टपरीवर हरिश्चंद्र म्हणाला. तो नवघरहून मासळी घ्यायला यायचा. "माझा जावई कोर्टात हाय."

"तुझा जावई कोर्टाबाहेर झेरॉक्स काढतो," विमलाबाई म्हणाली.

"मग? कागद पहिला त्याच्याच हातात येतो."

कोणी पाहिलं, यावर मात्र गेविन बोलला. तो जितेशचा डंपर चालवायचा. धक्क्याखालची जागा घरांतून दिसत नाही, भिंत आड येते. म्हणजे बघणारा होडीत होता. त्या पहाटे दोनच होड्या जवळ होत्या. जॉयची होडी पाठमोरी वसईकडे निघाली होती. राहिली गॅब्रियलकाकाची.

"आणि काका सोमवारी गुपचूप ठाण्याला गेलता. वकिलाचं ऑफिस तिथंच हाय. कशाला गेलता?"

हिशोब बरोबर वाटत होता. बोंबील वाळत घालायला बायका अंधारात किनाऱ्यावर बसतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. होडीत बाई नसते, म्हणून मोजणीतही नव्हती.

बुधवारी दिवेलागणीला जितेश आणि गेविन गॅब्रियलच्या दारात आले. गेविन म्हणजे गॅब्रियलची बायको आयडा हिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लहानपणी याच उंबऱ्यावर बसून जेवायचा. आयडा आत सुरमई कापत होती. गॅब्रियलला ओसरीवरून खाली ढकलल्याचा आवाज तिने ऐकला.

"वकिलाला काय सांगितलंस?" जितेशने विचारलं.

"कोणता वकील रे?"

जितेशने लोखंडी सळी त्याच्या पाठीत घातली. म्हातारा गल्लीत आडवा झाला. गेविनने त्याचा उजवा हात दगडावर धरला आणि जितेशने बोटांवर सळी मारली. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या घरापर्यंत गेला. दारं उघडली. बाहेर कुणी आलं नाही.

"मला दिसत न्हाय," गॅब्रियल ओरडला. "ठाण्याला डोळे दाखवाया गेलतो. आंधळ्या तांडेलाबरोबर कोण येईल होडीवर, म्हणून लपवलं. गेविन, बाबा, तुझं तोंडसुद्धा धड दिसत न्हाय मला."

"बरा वेळेवर आंधळा झालास, काका," गेविन म्हणाला.

जितेशने सळीचं टोक त्याच्या डोळ्यावर टेकवलं. "मग याचा तुला काय उपयोग?"

आयडा दारात उभी होती. उद्यापर्यंत नवऱ्यालाही सांगू नका, असं वकिलाने बजावलं होतं. उद्या पथक टिकलं तर तिला संरक्षण मिळणार होतं. गॅब्रियलच्या पापणीतून रक्त आलं.

"सोड त्याला," ती म्हणाली. "मी पाहिलं."

जितेश हसला. "तू कुठली पाहतेस?"

"बोंबलांच्या मागं बसलेली. तू ह्याच सळीनं मारलंस. गेविन, तू त्याचे पाय धरलेस. तुझी निळी चप्पल चिखलात रुतली, ती घ्यायला तू मागं आलास. डॅरेन तेव्हा जिवंत होता. पाणी मागत होता. तू चप्पल घातलीस आणि त्याच्यावरून पाय टाकून गेलास."

गेविनने गॅब्रियलचा हात सोडला.

"मावशी, गप ऱ्हा."

"तीन महिने गप होते."

जितेशची सळी तिच्या तोंडावर बसली. दोन दात गल्लीत पडले. ती भिंतीला टेकली, पुढे झाली आणि हातातला कोयता तिने त्याच्या दंडात घातला. सळी खाली पडली. गॅब्रियलने चाचपडत जितेशची पोटरी पकडली आणि दात रुतवले. तेव्हा समोरून विमलाबाई वल्हं घेऊन बाहेर आली. तिच्यामागून गल्ली आली. ज्यांनी म्हाताऱ्याचा मार दारातून पाहिला होता, ते आता जितेशला असे मारू लागले, की शेवटी ॲलिसनलाच मध्ये पडावं लागलं. "जिवंत पाहिजे मला तो," ती सारखी म्हणत होती. गेविन पळाला नाही. उंबऱ्यावर डोकं धरून बसला.

गुरुवारी पथक रद्द झालं. नेमणूक नियमाप्रमाणे नव्हती. घेतलेले जबाब स्थानिक पोलिसांनी नव्याने घ्यावेत, असा हुकूम आला.

आयडाच्या ओठाला टाके होते. तरी ती पोलिसांकडे निघाली. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून गॅब्रियल तिच्या खांद्याला धरून चालत होता. मागे पावलं वाजत होती.

"कोण कोण हाय गं?"

"विमला हाय. ॲलिसन हाय. आपली सगळी गल्ली हाय."

"काय सांगणार ते?"

"काल ऐकलं ते."

थोडं चालल्यावर तो पुन्हा म्हणाला, "आणि तुझी बहीण?"

आयडाने वळून बहिणीच्या घराकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. तिने पाहताच ती आतून लागली.

"पायाखाली बघ," ती म्हणाली. "खड्डा हाय."