आकारामच्या वाटणीचं तेल

लय शाने पंच! वाटणीत त्येंनी हिरीवरचं डिझेल इंजिन दिलं थोरल्या जोतीरामला, नि त्येच्या वंगणाच्या तेलाचा शीलबंद डबा धाकट्या आकारामला. म्हणं, एकमेकाशिवाय पाणी उचलणार न्हाई, मग भाव भावाशी बोलंल की!

कपाळ बोलंल. बाहत्तरचा दुष्काळ आला, हीर आटली. पाणीच न्हाई, तर इंजिन कशाला नि तेल कशाला? मधी एक बांध, पर जोतीराम तिकडं, आकाराम हिकडं. आकारामची बायकू मागंच वारल्याली, पोरबाळ न्हाई. एकट्यापुरती भाकरी थापायचा. म्या शेजारनं हाक दिली की म्हणायचा, "तात्या, हिरीला पाणी लागलं की दादा तेल मागाय येणारच. तवर तेल चांगलं ऱ्हायला पायजे बगा."

म्हणून ह्यो बाबा काय करायचा? शील मोडून रोज झाकण उघडायचा. वास घ्यायचा, डबा हालवायचा, बोट बुडवून बघायचा.

"आरं मर्दा, शीलबंद तेलाला सालोसाल काय हुत न्हाई. का उगंच छेडतुयास?" म्या वरडायचो. पर आयकंल त्यो आकाराम कसला! अति शाना त्येचा बैल रिकामा. ढिलं झाकण, नि वर गळकं छप्पर.

औंदा पाऊस झाला, हिरीला पाणी आलं. शाळू ताण खाऊन पिवळा पडाय लागला, तवा जोतीराम बांध उतरून आला. दारात हुबा ऱ्हाऊन म्हणाला, "आक्या, तेल दे."

आकारामला काय करू नि काय नको झालं. पोतं झटकून हातरलं, डबा आणून म्होरं ठेवला. जोतीरामनं वाटीत थोडं वतलं. ताकावाणी पांढरं! पाणी शिरल्यालं.

"ह्ये घाटलं तर इंजिन बसंल," जोतीराम म्हणाला.

"म्या रोज बगत हुतो रं, दादा," आकाराम येवढंच बोलला. जोतीराम उठून गेला. आकाराम दिवस मावळंस्तवर त्या वाटीपशी बसून ऱ्हायला.

दुसऱ्या दिशी जोतीरामनं कवठ्याच्या बाजारातनं दोन डबे आणले. एक इंजिनात वतला. दुसरा शीलबंदच आकारामच्या म्होरं ठेवला.

"पंचांनी तेल तुज्याकडं दिलंय, तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. लागंल तवा मी येतो. पर शील मोडू नगंस."

"न्हाई मोडत. मग किती दिस टिकंल?"

"लय. पाच सालबी जातील."

आकारामचं त्वांड उतरलं.

"येवढं कशाला टिकाय पायजे, दादा?" त्यो म्हणाला.